सासरवाडीतली भिंत

२ फेब्रुवारी

आजपासून मी कुणाचा सुपरवायझर नाही. लोणावळ्याच्या शेठकडे इतकी वर्षं घासली, त्यांच्या बंगल्यांच्या साईटवर उन्हापावसात उभा राहिलो, बिगाऱ्यांसमोर शिव्या खाल्ल्या. शनिवारी चाव्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. शेठ म्हणाले, "कैलास, दिवाळीच्या आत परत येशील." मी हसलो. हसण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही, असं आमच्या घरात बोललं जातं.

कार्डं छापून आलीत. नावाखाली 'सिव्हिल कॉन्ट्रॅक्टर' आणि त्याखाली टाकवे बुद्रुक. आईनं त्यातलं एक देव्हाऱ्यात ठेवलं, हळदकुंकू लावलं. आता ते कुणाला देता येणार नाही, पण असू दे.

पहिलं काम तिकोणा पेठेत आहे. पुण्याच्या बर्वे साहेबांनी तिथं उतारावर जागा घेतलीय. मातीचा भराव घालून सपाट हिरवळ करायची आणि खुर्च्या टाकून पवना धरणाचं पाणी बघत बसायचं, असा त्यांचा बेत. भराव खाली सरकू नये म्हणून उताराच्या अंगाला दगडी भिंत बांधायची. असल्या भिंती मी शेठकडे कितीतरी करून घेतल्यात. तिकोणा पेठ माझी सासरवाडी. गावानं अट घातली, माणसं गावची, जेसीबी गावचा, दगड गावच्या खाणीचा. मावळात कुठंही जा, हेच आहे. माझा मेहुणा पवन गवंडी, त्याची टोळी तयार. म्हणजे सगळं घरातल्या घरात.

कोमलला सांगितलं तर ती भाकरी थापायची थांबली. "माझ्या माहेरात काम नका घेऊ," म्हणाली. कारण विचारलं तर म्हणे, "तितं तुमी जावई हाय. जावयाला कामावर कोन ओळखनार?" नवरा पहिलं काम घेऊन घरी आलाय आणि हिचं हे. मी वाद घातला नाही.

९ फेब्रुवारी

नारळ फोडला. सासरे, म्हणजे सखाराममामा, फेटा बांधून आले होते. जांभळीच्या सावलीत माझ्यासाठी खुर्ची मांडली होती, तिच्यावर टॉवेल अंथरलेला. मी टेप काढला तर पवननं तो हातातून घेतला. "दाजी, तुमी बसा. म्या धरतो." दोरी त्यानं धरली, चुन्याची फक्की त्यानं टाकली, मी बसल्या जागेवरून बोट दाखवलं. दुपारी मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, घरी नेऊन जेवायला वाढलं. मधे दोनदा चहा आला.

शेठकडे मी गाडीच्या सावलीत डबा खायचो. खोटं कशाला बोलू, आजचा दिवस मला आवडला.

१७ फेब्रुवारी

पायाची खोदाई झाली. उताराच्या खाली, आमच्या भिंतीच्या बरोबर पायथ्याशी, शकुबाईंचं घर आहे. कोमलच्या लांबच्या मावशी. नवरा गेला, मुलगा पिंपरीला कंपनीत, या एकट्या शेळ्या राखून राहतात. आज काठी टेकत वर आल्या, खड्डा बघितला, आणि मला म्हणाल्या, "जावईबापू, येवढी माती माझ्या डोक्यावर रचनार तुमी. पावसात खाली न्हाई ना यायची?"

मी म्हणालो, "मावशी, मी हाय ना."

"मंग झालं," म्हणाल्या आणि गेल्या. मला बरं वाटलं. माणसं विश्वास टाकतात तेव्हा धंदा उभा राहतो.

३ मार्च

होळीची सुट्टी द्यायची होती, पवननं निम्मा दिवस काम केलं. भिंत कमरेपर्यंत आलीय. जाताना माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "दाजी, घरं लय बांधली म्या, पर असली भित पैल्यांदाच करतोय. जरा खाली येऊन बघत जावा की."

हा त्याचा मोठेपणा. निम्मं गाव त्यानं बांधलंय. माणसांसमोर दाजींना मान द्यायची ही त्याची रीत. मी म्हणालो, "तुला काय सांगायचं पवन, तू करतोस ते बरोबरच असणार." तो पिशवी उचलून गेला.

२१ मार्च

आज एक चूक केली आणि आता पुन्हा करणार नाही. सिमेंट-वाळूचा माल पातळ कालवला जात होता. मी खुर्चीवरूनच म्हणालो, "पवन, माल जरा घट्ट राहू दे." इतकंच. मामा शेजारी बसले होते. ते ताडकन उठले आणि टोळीसमोर त्याला नको नको ते बोलले. "पाव्हन्यांना तोंड उघडाय लागलं म्हंजे तुजी काय किंमत?" पवन मान खाली घालून उभा. मला कुठं बघावं कळेना.

रात्रीच्या जेवणाला थांबा म्हणणाऱ्या मामी आज बाहेर आल्याच नाहीत. मग कोमललाही त्यांचा फोन आला. तिनं भांडी जोरात घासली.

म्हणजे तिथं माझा एक शब्द शंभर शब्दांचा होतो. शेठनं आईवरून शिवी दिली तरी बिगारी दुपारी त्याच्याकडेच तंबाखू मागायचे. इथं 'माल घट्ट' म्हणालो तर घरात सुतक. ठीक आहे. भिंत काही पातळ मालानं पडत नाही, पुढचा माल त्यांनी घट्ट केलाच. आपण तोंड बंद ठेवलेलं बरं.

१२ एप्रिल

लिहू की नको असं झालंय. लिहितोच.

दोन दिवस मी चुलतभावाच्या लग्नात होतो. आज साईटवर गेलो तर भिंतीमागं भराव भरून झालेला. असल्या भिंतीत पाणी जायला पाईप ठेवतात. पवननं ठेवलेत, अगदी सरळ, बघण्यासारखे. पण पाईपांच्या मागं आधी डबर, म्हणजे फुटके दगड, आणि खडीचा थर लागतो. त्या थरातून पाणी झिरपत पाईपाला येतं आणि बाहेर पडतं. नुसती माती टाकली की पाईपांची तोंडं बुजतात, पाणी आत साठतं, फुगतं आणि भिंतीला ढकलतं. खंडाळ्याला एका भिंतीनं असं पोट काढलेलं मी बघितलंय. शेठनं ती आठ दिवसांत उतरवली होती.

इथं डबर एका बाजूला पडून आहे आणि मागं सगळी काळी माती. जेसीबीवाल्याला दुसऱ्या दिवशी पवनानगरला जायचं होतं, म्हणून मामांनी त्याला सांगितलं, खणलेली माती पडलीच आहे, लोटून मोकळा हो.

पवन पळत आला. अंगावर सगळी माती. "दाजी, भराव बराबर हाय का बघा. पाठीमागं दगूड टाकाय पायजे हुता का? तुमी मागं कायतरी बोलल्यासारखं वाटतंय. आबा म्हनले, व्हऊ दे."

त्याचे आबा, म्हणजे मामा, जांभळीखाली उभे होते. आमच्याकडेच बघत होते. मला दिसलं की मी 'हो' म्हणालो तर टोळीसमोर एकतर त्यांना कमीपणा येईल, नाहीतर ते पवनचा पाणउतारा करतील. माझ्या तोंडून आलं, "चालेल."

"नक्की ना दाजी?"

"अरे चालेल म्हटलं ना."

आता वाटतंय, एवढी घाई काय आहे. पाऊस अजून लांब आहे. मामा नसताना पवनला एकट्याला बाजूला घेऊन सांगतो. दोन दिवसांचं काम.

१५ एप्रिल

सांगायला गेलो होतो. मामा होतेच.

१९ एप्रिल

आज अक्षय तृतीया, आमरसाला बोलावलं होतं. जेवताना कामाचं काय बोलायचं.

२६ एप्रिल

बर्वे साहेब येऊन गेले. भिंतीवरून हात फिरवला, मोबाईलवर फोटो काढले. "कैलासराव, काम देखणं झालंय." त्यांच्या मित्राची भाजे गावाला अशीच जागा आहे, उतारावर. तिथली भिंतही मलाच देणार म्हणाले. मामांनी हे ऐकलं आणि साहेबांच्या देखत म्हणाले, "आमचे पाव्हनं हायेतच तसे." परत येताना मी गाडीवर गाणं म्हणत होतो. कामशेतच्या फाटकापाशी थांबलो तेव्हा एकदम भराव आठवला, आणि मग घरापर्यंत गाणं सुचलं नाही.

४ मे

हिरवळ लावली. टँकरनं पाणी मारतायत, सकाळ-संध्याकाळ. वर माती ओलीगच्च आहे आणि भिंतीतल्या एकाही पाईपातून थेंब नाही. मी खाली जाऊन एकेका पाईपात बोट घातलं. आत माती, घट्ट.

शकुबाई शेणानं अंगण सारवत होत्या. मला बघून पदर सावरला आणि म्हणाल्या, "जावईबापू, म्या उगाच भ्यालते. येवढं पानी मारत्यात वर, पर माझ्या अंगनात टिपूस न्हाई आलं. भित लय झ्याक बांधली तुमी." आणि मला बसवून बकरीच्या दुधाचा चहा केला. पिंपरीहून नातू सुट्टीला आलाय, तो भिंतीला चेंडू मारत होता. चेंडू लागला की मला दचकायला व्हायचं.

मावशींना सांगायला हवं होतं की तो टिपूस यायलाच पाहिजे. मी चहा प्यायलो आणि चांगला झालाय म्हणालो.

१८ मे

कालपासून धोंड्याचा महिना लागला. तीन वर्षांनी येतो, जावयाचे लाड करायचा महिना. मामांचा फोन आला, ३१ तारखेला धोंड्याचं जेवण. मामींनी अनारशाचं पीठ घातलंय.

कोमल विचारत होती, "तुमचं काय बिनसलंय? जेवान जात न्हाई तुमाला." मी म्हणालो, ऊन फार आहे. ती म्हणाली, "घरात आमटीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवता. माझ्या माहेरी मातुर कदी कशाला नाव ठेवलं न्हाई तुमी. माझी आई म्हनती, असा गरीब जावई मिळायला नशीब लागतं."

यात टोमणा होता की कौतुक होतं ते कळलं नाही. मी ताट संपवलं.

२४ मे

ठरवलं. ३१ला सगळे एकत्र असतील, जेवण झालं की घरात बसूनच सांगायचं. परक्यांसमोर नको, साईटवर नको. नीट, समजुतीनं. 'चूक कुणाची नाही, पण एवढं करून घेऊ.' वाक्य पाठ केलंय.

३१ मे

धुतल्या पाटावर बसवलं. मामींनी माझे आणि कोमलचे पाय धुतले, कुंकू लावलं. मला पँट-शर्टाचं कापड, कोमलला साडी. ताटभर अनारसे, वर दिवा. पुरणाचे धोंडे तुपात बुडवलेले, एक संपला की दुसरा. सासूनं आपले पाय धुतल्यावर तिच्या नवऱ्याला 'तुम्ही माती लोटलीत' कसं म्हणायचं? जेवण झाल्यावर सांगू म्हणालो तर विडा आला. विडा झाल्यावर सांगू म्हणालो तर पवन पाया पडायला वाकला.

"दाजी, ताईकडनं कळलं. भाज्याचं काम मला देनार तुमी."

मी म्हणालो, "हो, तुलाच."

"हितल्यासारखीच बांधतो बघा. डिट्टो." त्याचे डोळे भरले होते. "गावात आता समदे मला भितीचं काम इचारत्यात."

मामा हसले. सगळेच हसले. मीही हसलो. परत येताना गाडीच्या मागं अनारशाचा डबा खडखडत होता. मला स्वतःची लाज वाटतेय. इथं तरी लिहितो.

७ जून

दोन दिवस वळवाच्या सरी झाल्या. सकाळीच गेलो. रविवार, साईटवर कुणी नव्हतं. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. शकुबाईंच्या घराच्या बरोबर वर भिंत दोरीला टेकतेय आणि दोन्ही अंगाला दोरी मोकळी. पोट काढलंय. अजून बोटभरच. नुसत्या डोळ्यानं कुणाला दिसणार नाही.

मामा छत्री घेऊन आले. "पाव्हनं, सुट्टीच्या दिशी काय मापं घेताय?"

"सहज," मी म्हणालो आणि दोरी गुंडाळली.

ते दोरीकडे बघत राहिले. मग भिंतीकडे बघितलं. "पाऊस यंदा वेळंवर हाय म्हनत्यात," एवढंच बोलले. चहाला चला म्हणाले नाहीत, बहुतेक मामी घरी नसाव्यात.

१० जून

कोमलला सांगितलं. सगळं, १२ एप्रिलपासून. मला वाटलं होतं रडेल किंवा भांडेल. ती चुलीपुढं बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "पवननं मला कितींदा फोन केला, म्हाईत हाय? ताई, दाजी माझ्यावर रागावलेत का. दाजी नुसतं बसून असत्यात, कायबी सांगत न्हाईत. म्या चुकतोय का बराबर हाय, काय कळंना. म्या त्याला काय सांगितलं असंल? म्हनलं, त्यांचा सोभाव हाय, ते तुला मानत्यात."

मी म्हणालो, "मला वाटायचं तो मान देतोय."

"भ्यालता त्यो," कोमल म्हणाली.

आणि मग, "शकुमावशी रोज त्या भितीखाली झोपती." विळी घेऊन बसली, पण काही चिरलं नाही.

उद्या जातो म्हणालो. ती म्हणाली, "म्या बी येनार."

११ जून

हात सोललेत, पेन धरवत नाही. पण आजचं आजच लिहायला हवं.

आज पहाटेपासून धार लागली होती. कोमलला मागं बसवून निघालो. आधी शकुबाईंच्या घरी गेलो. वाटेत ठरवलं होतं की काहीतरी निमित्त सांगून त्यांना मामांकडे हलवू. दारात गेल्यावर निमित्त सुचेना.

"मावशी, भिंत पडायला आलीय. तुमच्या घरावरच येईल. आत्ता निघा."

त्या हसल्या. "जावईबापू, त्या दिशी तर तुमी..."

"त्या दिवशी मला माहीत होतं मावशी. पाणी बाहेर येत नव्हतं तेच वाईट होतं. एप्रिलपासून माहीत आहे मला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बाहेर भिंतीकडे, आणि परत माझ्याकडे. "माझा नातू म्हैनाभर खेळला रं हितं," म्हणाल्या. आवाज चढला नाही. "तू चहा पीत हुतास आनि त्यो तितं खेळत हुता."

कोमलनं त्यांचं गाठोडं बांधलं, शेळ्या सोडल्या, आणि त्यांना हाताला धरून नेलं. जाताना त्या दारातून मागं वळल्या नाहीत.

वर पवन आलेला होता, तो आणि दोन माणसं. त्यानं पोट बघितलं होतं. आता नुसत्या डोळ्यानं दिसत होतं. "दाजी," म्हणाला आणि थांबला. मी त्याच्या हातातलं फावडं घेतलं आणि भरावावर चढलो. पहिला ढिगारा काढला तेव्हा त्यानं सवयीनं माझा हात धरला, "तुमी नगा, तुमी..." मी हात सोडवून घेतला.

"पवन, ऐक. माती टाकायला नको होती मागं. डबर पाहिजे होतं. तू विचारलं होतंस आणि मी चालेल म्हणालो. आता भिंतीवरचा भार उतरवायचा. भिंतीच्या कडेनं कुणी उभं राहायचं नाही. मधून चर मारायचा, माती मागं फेकायची, पुढं नाही. जेसीबी आणायचा नाही, त्याच्या वजनानंच भिंत जाईल. कळलं?"

तो पावसात तसाच उभा होता. मला वाटलं आता मला बोलेल, बोलायलाच पाहिजे होतं त्यानं. पण तो बायकोच्या माहेरचा, मी जावई. "कुटनं सुरू करायचं?" एवढंच विचारलं.

मी दाखवलं. आणि मग दिवसभर मी ओरडत होतो. इकडं खण, तिकडं नको, ए मागं हो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. गावातली आणखी माणसं फावडी घेऊन आली. मामा आले नाहीत. चार-साडेचारला मधला भाग गेला. मोठा आवाज नाही झाला, नुसतं दळण सांडल्यासारखं झालं आणि दगड खाली गेले. शकुबाईंच्या शेळ्यांचा गोठा गेला, स्वयंपाकघराची भिंत गेली. त्यांचं अंथरूण आम्ही मातीतून ओढून काढलं. बाकीची भिंत उभी आहे, भार उतरल्यामुळं.

खाली माणूस कुणी नव्हतं. हे मी सारखं स्वतःला सांगतोय. पण ते माझ्यामुळं वाचलं असं काही म्हणता येत नाही. मला वाचवायचंच असतं तर एप्रिलमध्येच बोललो असतो.

१४ जून

बर्वे साहेब आले. गाव जमलं होतं. साहेबांनी विचारलं, "हे कसं झालं?"

मी बोलायच्या आत मामा पुढं झाले. फेटा नव्हता आज. "सायेब, पोराची चूक झाली. त्याला अशा कामाचा अनुभव न्हाई. आमच्या जावयाचा यात कायबी दोष न्हाई. भराव टाकला त्या दिशी ते गावात बी नव्हते."

पवन खाली बघत उभा होता. मामांनी सगळ्या गावासमोर स्वतःचा मुलगा माझ्यासाठी पुढं केला होता आणि तो हू की चू न करता उभा राहिला होता. गावानं मान डोलावली. म्हणजे ही अशीच रीत आहे, जावयाचं नाव जाऊ द्यायचं नाही. मी नुसता गप्प उभा राहिलो असतो तरी कार्डावरचं माझं नाव स्वच्छ राहिलं असतं. गप्प राहणं तर मला चांगलं येतं.

"थांबा मामा," मी म्हणालो. सासऱ्यांचं बोलणं मी आयुष्यात कधी तोडलं नव्हतं. "साहेब, भराव चुकलेला मला दुसऱ्या दिवशी दिसला होता. पवननं मला दोनदा विचारलं. मीच चालेल म्हणालो. ठेका माझा आहे, चूक माझी आहे."

साहेबांनी पडलेल्या भागाचे फोटो काढले. पुन्हा बांधून द्या म्हणाले, मावशींचं घरही. भाज्याच्या मित्राला ते आता माझं नाव सांगू शकत नाहीत, हेही सांगितलं. नीट बोलले, ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

मामा माझ्याकडे न बघता घरी गेले. गावासमोर त्यांना खोटं पाडलं, ते रागावलेत. रागवायचंच.

२३ जून

डबराचा थर हातानं लावतोय. पाऊस थांबला की काम, आला की प्लॅस्टिकचा कागद ओढून बसायचं. मी टोळीबरोबर पाट्या उचलतो. कोमल माहेरीच राहिलीय, मावशींजवळ. मामा साईटवर फिरकत नाहीत. मी कोमलला म्हणालो, मामांचा राग काही जात नाही. ती म्हणाली, "आबा रोज पहाटं उठून शकुमावशीच्या शेळ्यांना पाला आनत्यात. तिच्या घरातला चिखुल एकटेच काढत्यात. आईला हात लावू देत न्हाईत." मी म्हणालो, मग माझ्याशी का बोलत नाहीत? कोमल पाला उचलून शेळ्यांकडे गेली.

मावशी माझ्याशी बोलतात, पण कामापुरतं. काय रे, किती दिवस लागतील, असं. मी खरं ते सांगतो. पावसाळाभर घरात जाता येणार नाही म्हणालो, तर त्यांनी तोंड फिरवलं.

२९ जून

मधला भाग उभा राहिला. आज मी पवनचं एक काम उतरवायला लावलं, वरच्या थरात दगडांचे सांधे एकावर एक आले होते, तिथं भिंत फाटते. सगळ्यांसमोर सांगितलं. त्यानं मुकाट्यानं दगड काढले आणि परत बसवले. चांगले बसवले. मी चांगलं झालं म्हणालो, तर त्यानं मान हलवली.

काम सुटल्यावर हात धुताना तो म्हणाला, "दाजी, एक सांगायचं हुतं. भाज्याची भित कामशेतच्या ठेकेदाराला गेली. त्यानं मला इचारलं. म्या हां म्हनलंय."

मी म्हणालो, तो माणूस फार शिवराळ आहे, मी ओळखतो त्याला.

"म्हाईत हाय," पवन म्हणाला. "पर चुकलं तर त्या दिशीच वरडतो. म्या घरी जाऊन झोपतो तरी. हितं तीन म्हैनं मला झोप न्हवती दाजी. तुमी हसायचा आनि म्या रातभर इचार करायचो, का हसले आसतील."

तो रागानं नव्हता बोलत. रोजची गोष्ट सांगावी तसा सांगत होता. मला म्हणायचं होतं की आता मी बोलतो ना, आजच बोललो की. पण ते त्यालाही दिसत होतंच.

"चांगलं केलंस," मी म्हणालो.

एरवी तो लगेच विचारायचा, दाजी, रागावला न्हाई ना? मी वाट बघत होतो. त्यानं थापी पुसली, पिशवीत टाकली, उद्या सकाळी लवकर येतो म्हणाला आणि गेला.